प्रायमरचं आणि स्पर्धेचं
दमट हवेत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दाणेदार बसतो, मग गेमिंग शोच्या रंगकामाच्या स्पर्धेत मिनिएचर, म्हणजे खेळातली रंगवलेली छोटी बाहुली, ठेवावं का, असं एकाने विचारलंय. ठेवाच! फक्त फोंड्यात भर जुलैत स्प्रेचा नाद सोडा. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या, दोन पातळ हात द्या. २८ मिमीच्या बाहुलीवर थर जाड झाला की नाकडोळे बुजलेच म्हणून समजा.

त्याआधी साच्याची शिवण खरवडा. काखेत, टाचेमागे राहिलेली ती रेघ वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) दिल्यावर काळी होऊन उठून दिसते, आणि परीक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते. १९८७ साली सुरू झालेल्या 'गोल्डन डेमन' या मिनिएचर रंगवण्याच्या मोठ्या स्पर्धेचे फोटो बघून दबकू नका, ती जत्रा वेगळी.

आणि बेससाठी, म्हणजे बाहुलीच्या पायाखालच्या चकतीसाठी, विकतची वाळू कशाला? चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा चाळून घ्या, लाल मातीचा रंग आयताच मिळतो.