अनुभव धागा: पणजीच्या जुन्या वाड्यांत राहणं

फोंतेन्हास, सां तोमे, मळा या वस्त्यांत राहणाऱ्यांनी आणि राहून गेलेल्यांनी लिहावं. रंगीत भिंतींचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्या भिंतींच्या आतलं वाचायचंय. भाडेकरूंनीही लिहा, त्यांना कुणी विचारत नाही.

फोंतेन्हासची सून
लग्न होऊन सत्तरी तालुक्यातून इथं आले. रस्ता आणि उंबरा यांच्यामध्ये दोनच पायऱ्या. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकून उंडे पाव घ्यायला दार उघडावं, तर पायरीवर अनोळखी मुलगी झगा पसरून बसलेली, समोर कॅमेरावाला. ‘जरा थांबता का?’ असं माझ्याच दारात मला विचारतात! सासूबाईंना दुपारी खिडकी उघडी ठेवून पडायची सवय होती, ती सुटली. विचारून आलेल्याला आम्ही बसवून पाणी देतो. न विचारता घरात डोकावणं मात्र सहन होत नाही.

सां तोमे
पोर्तुगीज अमदानीत दर पावसाळ्यानंतर घराला रंग द्यावा लागे, पांढरा तेवढा चर्चसाठी राखलेला. लोकांना तो रंगच दिसतो. खरं काम छपरावर! मे संपायच्या आत नळे (कौलं) परतून घ्यायचे, वासे ठोकून वाळवी बघायची. आणि चिऱ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर ऐकू नका. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. आमच्या मागच्या खोलीला आधीच्या मालकांनी तो केला होता. सगळा खरवडून चुना लावला, तेव्हा भिंत सुकली.

मळ्यातला जुना भाडेकरू
शिकायला होतो तेव्हा राहिलो. बाजार चालत, बसस्टँड पाटो पूल ओलांडला की आलंच. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी तुंबायचं. आभाळ भरलं की घरमालकीण हाक मारायची, ‘पुस्तकां वयर दवर रे!’ (पुस्तकं वर ठेव रे!) मारुतीच्या जत्रेला मात्र आजही जातो. पायऱ्या चढून दर्शन, खाली खाज्यांची फेरी, वाटेत तिच्याकडे चहा.

फोंतेन्हास, खाडीकडची बाजू
शेजारचं घर बंद आहे. वारस मुंबईत, लिस्बनमध्ये. सगळ्यांच्या सह्या एकत्र येत नाहीत. छपराचा एक कोपरा बसलाय आणि सामायिक भिंतीतून पाणी आमच्या देवघरात उतरतं. सगळ्या वारसांची संमती नसताना निदान ताडपत्री घालायची परवानगी कुणी मिळवली असेल, तर कशी ते कृपया इथं सविस्तर लिहा. पाऊस तोंडावर आलाय.