एकाच जीनमुळे सिंड्रोम पण आणि कॅन्सर पण?

प्रश्न: क्रेबीबीपी जीन बिघडला की रुबिनस्टाइन-टायबी सिंड्रोम हा जन्मजात आजार होतो, आणि लिम्फोमातही (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) तोच बिघडलेला सापडतो म्हणे. हे कसं काय?

उत्तर: म्युटेशन (जीनमधला बिघाड) कधी नि कुठल्या पेशीत झालं त्यावर आहे सगळं. या जीनपासून बनणारं प्रोटीन हिस्टोनवर (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) अॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतं, तिथला डीएनए मोकळा होतो आणि जीन चालू होतात. गर्भापासूनच एक कॉपी निकामी असली तर सगळ्या शरीरात प्रोटीन कमी पडतं, म्हणून अंगठे रुंद, वाढ नि शिकणं मंद.

उत्तर: लिम्फोमात ते म्युटेशन पुढे कधीतरी एखाद्या बी पेशीत (अँटिबॉडी बनवणारी पांढरी रक्तपेशी) होतं, तिला परिपक्व करणारे जीन दबून राहतात आणि ती विभागतच राहते, पण बहुतेक वेळा बीसीएल२ (पेशीला मरण्यापासून वाचवणारा जीन) सारख्या जीनमधला आणखी बिघाडही लागतो.

प्रश्न: मग सिंड्रोमवाल्या मुलांना कॅन्सर होणारच?

उत्तर: नाही हो, बहुतेकांना होत नाही, उगाच घाबरू नका.