उधारीवर डिव्हिडंडचे शेअर धरून ठेवणं: गणित कुठे चुकतंय?

कलमवाला, रत्नागिरी
अमेरिकेत म्हणे पोर्टफोलिओ मार्जिनवर (सगळ्या शेअरांची जोखीम एकत्र मोजून ब्रोकर देतो त्या उधारीवर) डिव्हिडंडचे (लाभांशाचे) शेअर वर्षानुवर्षं धरतात आणि व्याज डिव्हिडंडमधूनच सुटतं. आपल्याकडे एमटीएफवर, म्हणजे ब्रोकरच्या व्याजी पैशांनी शेअर घेऊन, हेच केलं तर? स्वतःचे 4 लाख, ब्रोकरचे 6 लाख 12 टक्क्यांनी, मिळून 10 लाखांचे पीएसयू (सरकारी कंपन्यांचे) शेअर, यील्ड (किमतीवर वर्षाचा डिव्हिडंड) 6 टक्के. उत्पन्न हापूसचं, रोख हातात येते ती एप्रिल-मेमध्ये.

खाडीकाठ
येणार 60,000, व्याज जाणार 72,000. कोहळा देऊन आवळा. वर कर आहेच. एप्रिल 2020 पासून डिव्हिडंडवर कर भागधारकालाच भरावा लागतो, आणि त्याच वर्षीच्या फायनान्स अ‍ॅक्टने व्याजाची वजावट डिव्हिडंडच्या 20 टक्क्यांवर आणून ठेवली होती, एप्रिल 2026 पासून तीही गेली. म्हणजे 72,000 पैकी काहीच वजा नाही. पूर्ण 60,000 वर 30 टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट 18,720. वर्षाची तूट 30,720. वजावटीचा नियम दर बजेटनंतर नव्याने तपासा.

बागेचं उत्पन्न करमुक्त म्हणून स्लॅब शून्य, असंही नाही. बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपुढे गेलं की दर काढताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवतात.

मांडवी_जेटी
अमेरिकेतला प्रकारच वेगळा. साध्या मार्जिन खात्यात तिथे घेताना 50 टक्के आणि पुढे किमान 25 टक्के स्वतःचे लागतात. पोर्टफोलिओ मार्जिनमध्ये एकेक शेअर 15 टक्के वर-खाली करून पाहतात, ऑप्शन घेऊन तोट्याला लावलेली आडकाठी (हेजिंग) जमेला धरतात आणि सर्वांत वाईट तोटा तेवढं मार्जिन मागतात. आपलं एमटीएफ शेअरनिहाय चालतं: एफ अँड ओमधल्या (ज्यांचे फ्युचर्स-ऑप्शन चालतात त्या) शेअरला व्हीएआर आणि त्यात ईएलएमची तिप्पट, इतर पात्र शेअरना व्हीएआर आणि ईएलएमची पाचपट; हे दोन्ही एक्स्चेंजने शेअरच्या जोखमीवरून ठरवलेले मार्जिनचे टक्के. आणि इथून पैसे पाठवून तिकडे हे करू म्हणाल, तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) परदेशी मार्जिन किंवा मार्जिन कॉलसाठी (मार्जिन कमी पडल्यावरच्या मागणीसाठी) पैसे पाठवायला मनाईच आहे.

रापण
व्याजापेक्षा मला तुमच्या एप्रिल-मेची काळजी वाटते. समजा ब्रोकर किमान 30 टक्के मार्जिन (शेअरच्या आजच्या किमतीत स्वतःचा वाटा) मागतो. 10 लाखांचे 8.57 लाख झाले, म्हणजे 14.3 टक्के घसरण, की फोन आला. 25 टक्के पडले तर 75,000 भरायचे, 30 टक्के पडले तर 1.10 लाख. नाही भरले तर ब्रोकर विकून मोकळा, तेही पडत्या भावात.

यात डिव्हिडंडचाच एक फटका आहे. एक्स-डेटला (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) भाव साधारण डिव्हिडंडएवढा उतरतो, मार्जिन त्याच दिवशी कमी होतं, पण पैसे हातात नसतात. अंतिम डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट (कोणाला द्यायचा ते ठरवायची तारीख) बऱ्याचदा एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) आधी असते आणि पैसे द्यायला कंपनीला सभेत जाहीर झाल्यापासून 30 दिवस असतात. आले तरी डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येतात, ब्रोकरकडच्या खात्यात (लेजरला) नाही. तुम्ही स्वतः वळते करेपर्यंत 6 लाखांवरचं व्याज चालूच. अंतिम डिव्हिडंडचा मोसम जुलै ते सप्टेंबर. तेव्हा बागायतदाराकडे आंब्याचे पैसे संपत आलेले आणि खतं आणि कल्टारचा (मोहोर येण्यासाठीचं औषध) खर्च पुढे उभा.

कलमवाला, रत्नागिरी
बरं, एमटीएफ सोडलं. पूर्ण पैसे भरून घेतलेले 10 लाखांचे शेअर आहेत. ते तारण ठेवून पावसाळ्यातला खर्च भागवला तर?

रापण
हे जमण्यासारखं आहे, पण आधी किसान क्रेडिट कार्ड वापरा. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंत 4 टक्के पडतं. ते पैसे शेअरमध्ये मात्र वळवू नका. कमी पडलं तर शेअरवर ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढे उचलायचे, तेवढ्यावरच व्याज). एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या) कर्ज शेअरच्या किमतीच्या 50 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. ते वर गेलं तर 7 कामकाजाच्या दिवसांत भरून काढावं लागतं. म्हणून 2.5 लाखांच्या वर उचलू नका, मग भाव निम्म्यावर येईपर्यंत कोणी विचारणार नाही.

खाडीकाठ
फी विचारून घ्या. 2 लाख 4 महिने 10.5 टक्क्यांनी वापरले तर व्याज 7,000. त्यावर प्रोसेसिंगचे 3,500 लागले की दर 15.75 वर गेला.