पहाटे वजन जड का लागतं? आणि कॅफिन नेमकं कधी घ्यावं?

पहाटवारा
संध्याकाळी सहाला स्क्वाटमध्ये (खांद्यावर बार घेऊन उठबस) 100 किलोच्या 5 रेप्स (आवर्तनं) निघतात. पहाटे पाचला उठून साडेपाचला तोच सेट लावला की 92 किलोलाच गाडी अडते. वजन 72 किलो, झोप सात तास. स्पर्धा सहा आठवड्यांवर आहे, पहिली लिफ्ट सकाळी 9 ला. सराव पहाटेच करावा का? शिवाय उठल्यावर 90 मिनिटं कॉफीला हात लावू नये म्हणतात, त्यात तथ्य किती?

वजनकाटा
फरक अपेक्षितच आहे. शरीराच्या आतलं तापमान दिवसभरात साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअस वरखाली होतं. तळ गाठतं ते नेहमीच्या उठण्याच्या दोनेक तास आधी आणि सर्वात वर जातं दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे साडेपाचला तुम्ही तळाच्या अगदी जवळ असता. गार स्नायू सावकाश आकुंचन पावतात. म्हणून याचा फटका जड वजन, उडी आणि स्प्रिंटला जास्त बसतो. संथ, लांब धावण्याला त्या मानाने कमी.

पण स्पर्धा 9 ची असताना साडेपाचचा अट्टहास कशाला? घड्याळात किती वाजले याइतकंच उठून किती वेळ झाला हेही महत्त्वाचं. पाच-साडेपाचला उठा, सराव 9 ला ठेवा. शेवटचे तीन-चार आठवडे तरी आठवड्यातले दोन-तीन जड सेशन त्याच वेळी करा. ठरलेल्या वेळी नियमित सराव केला की सकाळ-संध्याकाळची दरी बरीच कमी होते. पूर्ण बुजेलच असं नाही.

सकाळचा वॉर्म-अप संध्याकाळच्या मापाने करू नका. आधी अंगाला हलका घाम फुटेपर्यंत 10-15 मिनिटं सायकल किंवा रोइंग. मग रिकामा बार 8 रेप्सचे दोन सेट, 40 किलो × 5, 60 × 3, 75 × 2, 85 × 1. मधल्या वेळात जॅकेट अंगावरच ठेवा, नाहीतर कमावलेली ऊब निघून जाते. डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरून बार उचलणं) मात्र उठल्यावर पहिल्या तासात नकोच. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो.

अर्धाकप
कॅफिनबद्दल. 90 मिनिटांच्या नियमाला ठोस आधार नाही. अॅडेनोसिन (झोपेची गुंगी आणणारं मेंदूतलं रसायन) आधी 'साफ' होऊ द्यावं असं सांगतात, पण रात्रभराच्या झोपेनंतर ते तसंही कमीच असतं. कॅफिन ते साफ करत नाही, फक्त त्याच्या जागा अडवून बसतं. सहाला व्यायाम आणि साडेसहाला कॉफी, तर उपयोग कोणाला?

मात्रा किलोमागे 3 मिग्रॅ. तुमच्यासाठी सुमारे 215, म्हणजे गोळ्यांच्या हिशोबात 200 पुरे. पहिल्या लिफ्टच्या 45-60 मिनिटं आधी, म्हणजे आठ-सव्वाआठला घ्या. सकाळची घसरण एवढ्या मात्रेने बरीचशी भरून निघू शकते. किलोमागे 6 मिग्रॅच्या वर ताकद वाढत नाही, हात थरथरतात आणि पोट बिघडतं. कपातल्या कॉफीत कॅफिन किती हे दर वेळी बदलतं, म्हणून स्पर्धेला गोळी बरी. सुटी शुद्ध पावडर अजिबात नको, चमचाभर पावडर जिवावर बेतू शकते.

खरी चूक संध्याकाळी होते. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. साडेपाचला घेतलेल्या 200 पैकी साडेदहाला 100 मिग्रॅ अंगात असतं, म्हणजे उशाशी एक कप कॉफी घेऊन झोपल्यासारखंच. 400 मिग्रॅ झोपेच्या सहा तास आधी घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाल्याचं प्रयोगात दिसलं आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन निम्मं व्हायचा काळ जवळपास दुप्पट होतो.

पहाटवारा
मग स्पर्धेआधी आठवडाभर कॉफी बंद केली तर असर वाढेल का?

अर्धाकप
नको. रोजची सवय असेल तर 12 ते 24 तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त, आणि नेमका त्याच आठवड्यात सराव बिघडतो. रोजचं प्रमाण तसंच ठेवा, फक्त दुपारनंतरचं तोडा. स्पर्धेची मात्रा आधी दोनदा सरावात, 9 च्याच सेशनला, घेऊन बघा. काहींना अर्ध्या तासात शौचाला जावं लागतं. ते लिफ्टिंग बेल्ट आवळल्यावर कळण्यापेक्षा सरावात कळलेलं बरं.

वजनकाटा
एक राहिलं. उठण्याची वेळ एकदम लवकरची करू नका, दर दोन दिवसांनी 15-20 मिनिटं पुरे. उठल्याबरोबर बाहेरच्या उजेडात या, रात्री दिवे मंद ठेवा. आणि रविवारी नऊपर्यंत लोळलात तर सोमवारचं सेशन पुन्हा जड जाणार.