६ किलोमीटरचा अंदाज आला, मग माझी हळद का भिजली?

हळदवाला_वाई:
मार्चमध्ये शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली होती. मोबाइलवर दिवसभर कोरडं दाखवत होतं. चारच्या सुमारास वळीव आला, आमच्या वस्तीवर अर्धा तास धो धो. ताडपत्री ओढेपर्यंत निम्मा माल भिजला. ओढ्यापलीकडे मात्र धूळ उडत होती! मे २०२५ मध्ये सरकारची भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाजाची नवी यंत्रणा आली, १२ ऐवजी ६ किलोमीटरवर अंदाज मिळणार म्हणाले. मग हे कसं निसटलं?

जुना_मॉडेलवाला:
पुण्यात आयुष्यभर हवामानाची मॉडेलं (संगणकावर अंदाज काढणारी गणितं) चालवली, आता निवृत्त. दादा, मॉडेल नकाशाचे चौकोनी तुकडे पाडतं, ६ किलोमीटर ही त्या चौकटीची बाजू. एका चौकटीला पावसाचा आकडा एकच. वाई-पाचगणी सरळ रेषेत दहाएक किलोमीटर, पण मधे पसरणी घाट, उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक. जुन्या चौकटीत दोन्ही गावं एकाच डब्यात पडायची, घाटाचा कडा घासून गुळगुळीत व्हायचा. आपल्याकडचा पावसाळी पाऊस तर त्या कड्यामुळेच पडतो, त्यामुळे नव्या मॉडेलचा फायदा जून ते सप्टेंबर जास्त. तुमचा वळवाचा ढग दोन-चार किलोमीटरचा, तो चौकटीच्या पोटात हरवतो. मॉडेल त्याला बघत नाही, सूत्राने अदमास बांधतं.

कोरेगावकर:
मग १ किलोमीटर करा की! पुण्यात एवढं मोठं मशीन आहे म्हणे.

जुना_मॉडेलवाला:
'अर्क' महासंगणक म्हणायचंय ना, ११.७७ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी)? बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि गणिताची पावलंही निम्म्या वेळाची टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट. ६ चे ३ केले तर आठ, दीड केले तर चौसष्ट. जपान्यांनी २०१३ मध्ये 'के' संगणकावर अख्खी पृथ्वी ८७० मीटरच्या चौकटीत बसवली, पण हवामान चालवलं मोजक्या तासांचं. रोज सकाळी दहा दिवसांचा अंदाज द्यायचा म्हणजे वेगळंच प्रकरण.
वळवासाठी दुपारी रडारचं चित्र बघत जा. मांढरदेवच्या डोंगरावर आयआयटीएमने (पुण्याची हवामान संशोधन संस्था) रडार ठेवून याच ढगांचा अभ्यास केलाय.

हळदवाला_वाई:
मांढरदेवला? दरसाल यात्रेला जातो, देवळापलीकडे कधी बघितलंच नाही. रडारची लिंक टाका, पोराला दाखवतो. ताडपत्री मात्र आता खळ्यावरच असते.