वचनातलं (बायबलमधलं) तुमचं पान कोणतं? (अनुभव धागा)

ऑफिसात नवीन कुणी आलं, माझं आडनाव कळलं की प्रश्न ठरलेला : "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं?"

मी नगरची. माझी आजी बायबल बाई होती. राहुरी-शेवगावकडच्या खेड्यांत पायी फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची, पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. ती देवाशी आयुष्यभर नगरी मराठीतच बोलली. मला मात्र कितीतरी वर्षं ख्रिस्ती असणं म्हणजे नाताळचा फराळ, दाखल्यावरचा रकाना आणि रविवारची उपासना, एवढंच वाटायचं. ती गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. २३ व्या स्तोत्राच्या पानाचा कोपरा बोटांनी काळवंडलेला. "तो मला संथ पाण्यावर नेतो" या ओळीखाली पेन्सिलीची रेघ, शेजारी '१९७२'. दुष्काळाचं साल. विहिरी आटल्या होत्या, ती दिवसभर खडी फोडायची आणि रात्री कंदिलापाशी ही ओळ वाचायची! त्या रेघेपासून मी रोज वाचायला लागले.

तुमचं पान कोणतं? उपदेश नको, साक्ष लिहा.

नाशिक जिल्हा, द्राक्ष बागायतदार

योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय. शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबल वर्गात) पाठ केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. पुढे गारपिटीत बाग झोपली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि देवाने आपल्याला टाकलं हे मनात पक्कं बसलं. प्रार्थनेला बसणं बंद केलं. एप्रिलात खरड छाटणी आली. मजूर परवडत नव्हते, मीच कात्री घेतली. ज्या काडीने माल दिला तीच काडी एक-दोन डोळे ठेवून कापायची. कापल्या जागेतून पाणी टपटपतं, मागे वळून पाहिलं तर बाग भुंडी. दुपारी तिथेच बांधावर बसलो आणि वचन आठवलं : जो फाटा फळ देतो, त्यालाही माळी छाटतो, अधिक फळ यावं म्हणून. मी हे नेहमी शिक्षेचं वचन समजत आलो होतो. पण सकाळपासून हजारो काड्या कापल्या, मला एकाही काडीचा राग नव्हता. गारा देवाने पाठवल्या का, ते मी सांगू शकत नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, एवढं सांगतो.

मराठवाडा

आमचे पणजोबा महारवाड्यातले. बाप्तिस्मा झाला, नाव बदललं. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे गाव आमची जात विसरलं नाही आणि सरकारने ती मोजली नाही. कॉलेजात असताना फार कडू झालो होतो. आमच्या पाळकांनी पेत्राचं पहिलं पत्र वाचायला दिलं. पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात, असं पेत्र पांगलेल्या, परक्या ठरलेल्या माणसांना लिहितो. मी वही काढून ते उतरवून घेतलं. दहा वर्षांनी त्याच वचनाने मला धरलं. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा "मूळचे कोण?" हा प्रश्न माझ्याच तोंडून निघाला. आपल्या मंडळ्यांत सोयरिकीच्या वेळी हे सर्रास विचारतात, आणि ते पाप आहे. मी त्या घरी परत जाऊन माफी मागितली.

मस्कत

यिर्मया २९. परदेशात नेलेल्यांना पत्र : घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित पाहा. नाइट शिफ्टला मोबाइलवर ऐकतो. आता इथल्या दिवसांना मी 'वाया गेलेले' म्हणत नाही.

केडगाव

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, ते १९२४ मध्ये छापून निघालं. त्यांच्या इथल्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात माझी पणजी खिळे जुळवायची. वचन ती आधी उलटं वाचायला शिकली! घरात कुणी तिच्याइतकं हळू वाचत नसे. एकेका शब्दावर थांबायची. मी तसंच वाचते.

वसई

मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. आजीच्या तरुणपणी मिस्सा (आम्हा कॅथलिकांची उपासना) लॅटिनमध्ये असायची. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्मगुरूंच्या मोठ्या सभेनंतर) मराठी आली, म्हणून आमच्या घरात वेदीपाशी वाचन करणं फार मानाचं. मी कायम मागच्या बाकावर बसायचो. एकदा वाचक आला नाही, फादरांनी मला खूण केली. वाचन निर्गम ४. मोशे म्हणतो, मी मुखाचा जड व जिभेचा जड आहे. त्या 'जड'वर मी अडकलो. सगळं देऊळ शांत. माझे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मग पुढची ओळ डोळ्यांसमोर आली, देव त्याला विचारतो, माणसाला तोंड कोणी दिलं? कसं वाचलं आठवत नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. आजी पुढच्या बाकावर होती. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझी पाळी असते. 'ज'वर अजून अडखळतो. लोक थांबतात.