पाऊण डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’! फाइल सिस्टिम बदलू का?

फुटकळ_बाइट: मंडळी, सल्ला हवाय. १०० जीबीच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत) पार्टिशनवर फोटोंचे थंबनेल, म्हणजे छोट्या प्रती, ठेवतो, एकेक साधारण ३ केबीचा. काल ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून सगळं अडलं. डिस्कचा वापर दाखवणारी डीएफ कमांड म्हणतेय वापर २७%. डिस्क गेली का? नवी घ्यायची तर फिरत्या चकतीची की एसएसडी (चिपवरची, काहीच न फिरणारी)?

जुनं_खोड: डिस्क ठणठणीत असणार. ‘डीएफ -आय’ चालवा.

फुटकळ_बाइट: १००%!

जुनं_खोड: आयनोड संपले, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी, प्रत्येक फाइलला एक. ईएक्सटी४ फॉरमॅटच्या वेळीच दर १६ केबीमागे एक आयनोड आखून ठेवतं. १०० जीबीला झाले साधारण ६५ लाख. तुमची फाइल ३ केबीची, तिला ब्लॉक (जागावाटपाचा सर्वांत छोटा तुकडा) मिळतो ४ केबीचा. ६५ लाख फायलींत २५ जीबी भरले आणि खेळ खल्लास. बॅकअप घ्या आणि ‘-आय ४०९६’ (दर ४ केबीमागे एक आयनोड) देऊन पुन्हा फॉरमॅट करा. मात्र आयनोड २५६ बाइटांचा, म्हणजे सव्वासहा जीबी नुसत्या आयनोडांतच जातील. मी एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम घेतली असती, तिथे आयनोड लागतील तसे बनतात.

चकती_प्रेमी: ब्लॉकच १ केबीचा केला तर? फुकट जाणारी जागा वाचेल.

जुनं_खोड: थंबनेलला चालेल, मोठ्या फायलींना नाही. जुन्या युनिक्समध्ये ब्लॉक ५१२ बाइटांचे, आयनोड एका टोकाला आणि डेटा दुसरीकडे. चकतीवरून वाचणारं हेड नुसतं येरझाऱ्या घालायचं, डिस्कच्या वेगाचा जेमतेम २% हाती लागायचा. १९८३च्या बीएसडी (युनिक्सचीच एक आवृत्ती) फास्ट फाइल सिस्टिमने ब्लॉक किमान ४ केबीचा केला, फाइलच्या शेपटाकडच्या उरल्यासुरल्या भागासाठी त्याचे तुकडे पाडले आणि आयनोड डेटाच्या शेजारी आणले. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) डिस्कवर आजही नुसती चकती फिरून येण्याची सरासरी वाट ४ मिलिसेकंदांची, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. त्यापुढे ४ केबी वाचणं म्हणजे काहीच नाही. म्हणून तुमच्या कामाला एसएसडी.

चकती_प्रेमी: एसएसडीचंही दुखणं आहे की. लिहायचं छोट्या पानापानाने, पुसायचा मात्र अनेक पानांचा अख्खा ब्लॉक (फाइल सिस्टिमच्या ब्लॉकहून वेगळा). एफटूएफएस ही फाइल सिस्टिम त्याच हिशेबाने बांधलीय.

जुनं_खोड: मान्य, पण हे महाशय एकदा लिहितात आणि हजारदा वाचतात.

गाठोडं: इतक्या फायली करताच कशाला? एसक्यूलाइटमध्ये (सगळा डेटा एकाच फाइलीत ठेवणारा डेटाबेस) कोंबा. त्यांच्याच मोजणीत १० केबीचे तुकडे सुट्या फायलींपेक्षा ३५% वेगाने वाचले गेलेत.

फुटकळ_बाइट: हे डोक्यातच आलं नव्हतं. तूर्तास एक्सएफएस, बॅकअप सुरू केलाय. ६५ लाख फायली... उद्या भेटू.